चिडणारं, पळणारं, गप्प बसणारं मूल आणि त्याचं वाचन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते तिसरीतली काही मुलं वर्गात फार चिडतात, मारतात, बाकाखाली जाऊन बसतात, रडून गोंधळ घालतात, नाहीतर तोंडच उघडत नाहीत. अशा मुलांच्या वाचनाबद्दल आईवडील, आजीआजोबा आणि शाळेतले ताई-सर जे परत परत विचारतात ते इथे एकत्र केलंय. मी याच वयाच्या मुलांना वाचायला शिकवते. माझ्याकडे येणारी बरीच मुलं "फार त्रास देतो हो" या एका वाक्यावर येतात, आणि वाचन कुठे अडलंय हे त्यांच्याबाबतीत कुणी नीट बघितलेलंच नसतं.

आधी त्याचं वागणं ताळ्यावर येऊ दे, मग वाचनाचं बघू असं शाळेत सांगतात. बरोबर आहे का?

अजिबात नाही. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं वाचा. वागणं सुधारायची वाट बघत बसलं की पहिलीचं वर्ष जातं, मग दुसरी सुरू होते, बाकीची मुलं जोडाक्षरांपर्यंत पोचतात आणि हा अजून क आणि फ मध्येच गोंधळतोय, मग त्याला वर्गात बसणं अजून नकोसं होतं आणि वागणं अजून बिघडतं. म्हणजे ज्याची वाट बघत होतो ते आणखी लांब गेलं. वाचन आणि वागणं दोन्ही एकाच वेळी शिकवायचं असतं, आणि खरं सांगायचं तर रोजचा दहा मिनिटांचा नीट आखलेला वाचनाचा तास हीच वागणं शिकायची सगळ्यात चांगली जागा आहे, कारण तिथे आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चुकल्यावर परत करून बघणं, मदत मागणं हे सगळं आपोआप येतं. केंद्र सरकारची निपुण भारत योजना २०२१ मध्ये सुरू झाली तिचं उद्दिष्टही हेच आहे, की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. प्रत्येक म्हणजे हा पण. तिसरीनंतर गणितातली शाब्दिक उदाहरणं, परिसर अभ्यास, सगळीकडे वाचन येतंच असं धरून पुस्तकं चालतात.

पण वाचता येत नाही म्हणून चिडतो की चिडका आहे म्हणून वाचता येत नाही, हे कळायचं कसं?

बऱ्याचदा दोन्ही असतं आणि सुरुवात कुठून झाली ते शोधून फार काही हाती लागत नाही. तरी एक काम करा, आठवडाभर एक साधी वही ठेवा. गोंधळ झाला की तीनच गोष्टी लिहायच्या, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, नंतर लगेच काय झालं. "भाषेचा तास, उभं राहून वाच म्हटलं, पुस्तक फेकलं, बाहेर पाठवलं." अशा चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. पुस्तक फेकलं की वाचावं लागत नाही हे त्याला कळलेलं आहे, आणि मुद्दाम कट करून नाही कळलेलं, पण कळलंय. वर्गाबाहेर उभं करणं ही आपल्याला शिक्षा वाटते, त्याच्यासाठी ती सुटका असते.

अजून एक बघा. तीच गोष्ट तुम्ही वाचून दाखवली तर तो ऐकतो का, त्यावर बोलतो का, पुढे काय होईल ते सांगतो का? ऐकून सगळं समजतंय आणि छापलेलं समोर आलं की बिथरतो, तर अडचण बहुतेक अक्षरं वाचण्यात आहे. ऐकतानाही लक्ष लागत नसेल, खेळातही, जेवतानाही तेच असेल, तर मग लक्ष, झोप, भीती, घरातला ताण, कान, बोलीभाषा या सगळ्याचा विचार करावा लागतो. आणि चित्रकलेच्या तासाला, मैदानावर हेच मूल मजेत असेल तर "हा मुलगाच असा आहे" हे वाक्य आधी बाजूला ठेवा.

भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी म्हणजे फक्त मारामारी करणारी मुलं का?

नाही. ती दिसतात म्हणून त्यांच्याबद्दल बोललं जातं. सारखं पोटात दुखतंय म्हणणारं, भाषेचा तास आला की बाथरूमला जाणारं, एक अक्षर चुकलं की अख्खं पान खोडून टाकणारं, घरी भरपूर बोलणारं पण शाळेत महिनोन्महिने एक शब्दही न बोलणारं, हीसुद्धा तीच मुलं आहेत. यात मुली जास्त निसटतात, कारण गप्प बसलेल्या मुलीला आपण शहाणी म्हणतो.

वय काय असताना काळजी करायला लागायचं? सहा वर्षाचाच तर आहे.

सहाव्या वर्षी वाचता येत नाही यात काळजीचं काही नाही, शिकवणं सुरू करा एवढंच. काळजी करायची ती पहिली संपत आली, रोज शिकवलं, तरीही आपल्या नावातली अक्षरं ओळखता येत नाहीत, "कमळ" मध्ये आधी काय ऐकू येतं ते सांगता येत नाही, काल पक्कं झालेलं आज पूर्ण पुसलेलं असतं, अशा वेळी. वागण्याचं म्हणाल तर हट्ट, रडणं, चिडणं सगळीच मुलं करतात. पण घर आणि शाळा दोन्हीकडे, आठवड्यामागून आठवडे, इतकं की त्याला मित्र राहिले नाहीत किंवा स्वतःला नाहीतर दुसऱ्याला लागतंय, तर थांबू नका.

मराठीत तर जसं लिहितो तसंच वाचतो ना, मग एवढं अवघड काय आहे?

इंग्रजीपेक्षा सोपं आहे हे खरं, पण लहान मुलाच्या जागी बसून बघा. अक्षरं किती, त्यावर काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, मग जोडाक्षरं, रफार. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. "सूर्य" मधला रफार डोक्यावर बसतो य च्या आणि ऐकू येतो य च्या आधी. च चमच्यातला वेगळा आणि चहातला वेगळा, चिन्ह मात्र तेच. दिसायला सारखी अक्षरं तर विचारूच नका, म-भ, घ-ध, थ-य, ब-व, प-ष, ड-ह. वाचनावर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर जे काम केलंय त्यात दिसलं की आपल्यासारख्या लिप्यांमध्ये सगळी अक्षरचिन्हं पक्की व्हायला चौथीपर्यंतही वेळ लागतो. आणि आपण पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी पाठ हवी म्हणून बसतो.

एक बारीकशी गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकातला ल आणि श मराठी वळणाचा असतो, २००९ मध्ये शासनाने तसं ठरवून दिलं, पण मोबाईलवर आणि बऱ्याच छापील तक्त्यांवर ते हिंदी वळणाने येतात. शांत मूल विचारतं "हे कोणतं अक्षर?" आणि आधीच धास्तावलेलं मूल तिथेच पुस्तक मिटतं. म्हणून तक्ता विकत घेताना अक्षरांचं वळण शाळेच्या पुस्तकाशी जुळवून बघा.

मग सुरुवात कशी करायची? बाराखडी घोकून घेऊ का?

घोकून घेऊ नका. अ ते ज्ञ सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य, या रस्त्यात मुलाला पहिला अर्थ असलेला शब्द वाचायला मिळेपर्यंत महिने जातात. धीर असलेलं मूल ते काढतं, ज्याचा धीर आधीच संपलाय त्याला रोज काहीतरी जमल्याची चव लागली पाहिजे.

म्हणून थोडी अक्षरं आणि एक स्वरचिन्ह घेऊन लगेच शब्द. समजा क, म, न, ब, र आणि काना घेतला, तर पहिल्याच आठवड्यात काका, मामा, बाबा, नाक, कान, काम, मान, बाक, कमान एवढं सगळं वाचता येतं, "बाबा, काम करा" हे वाक्यसुद्धा. बघा, भ यात घेतला नाही, कारण म बरोबर तो नको. एक पक्कं झाल्यावर बऱ्याच दिवसांनी दुसरं आणायचं. ही अक्षरगटांची कल्पना महाराष्ट्रात नवीन नाही, फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी हे काम फार पूर्वीपासून उभं केलं, पालघर जिल्ह्यात क्वेस्ट ही संस्था लहान मुलांच्या भाषाशिक्षणावर वर्षानुवर्षं काम करतेय. तुमच्या शाळेतल्या ताईंना विचारा, अक्षरगट बऱ्याच जणींना माहीत असतात.

अक्षरांच्या आधी आणि बरोबर कानाचे खेळ घ्या. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, "पा-ऊस", "टो-मॅ-टो". म ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधायच्या. "कप मधला क काढला, काय राहिलं?" याला वही लागत नाही, पेन लागत नाही, चूक दिसत नाही, म्हणून चिडणारी मुलं यात सगळ्यात आधी सामील होतात. रिक्षात, बसस्टॉपवर, भाकरी भाजता भाजता सुद्धा होतं.

आणि तिसरी गोष्ट माझी फार आवडती आहे. मुलाने बोलायचं, आपण लिहायचं. "आज काय झालं?" विचारा, तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दात लिहा, त्याच्या बोलीत, शुद्धलेखनाचा आग्रह धरून त्याचं वाक्य बदलू नका. "मला सोन्याने ढकलला मग मी पण ढकलला." ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवा, मग दोघांनी मिळून वाचा, मग तो वाचेल. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे त्याला पुढचा शब्द माहीत असतो, म्हणून घाबरत नाही. पाच-सहा कागद झाले की दोऱ्याने शिवून पुस्तक करा, वर त्याचं नाव लिहा. ज्या मुलाला राग शब्दात सांगता येत नाही त्याचा राग असा कागदावर यायला लागतो, आणि हे वाचनाइतकंच मोलाचं आहे. फक्त यात कधी कधी मूल असं काही सांगतं की कुणी मारतं, नको तिथे हात लावतं, तर घाबरून विषय बदलू नका, खोदून खोदून विचारू नका, तुझं ऐकलं आणि तुझी काही चूक नाही एवढं सांगा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा.

पाच मिनिटं सुद्धा एका जागी बसत नाही हो.

मग चार मिनिटांचा तास घ्या. दिवसातून दोनदा, तीनदा. अर्धा तास एकदम बसवून शेवटची वीस मिनिटं भांडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. सुरुवात नेहमी येत असलेल्या शब्दांनी, मग एक-दोन नवीन, मग परत येत असलेले, आणि शेवटी आपण एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची. रोज हाच क्रम, हीच जागा, शक्यतो हीच वेळ. पुढे काय येणार ते माहीत असलं की अर्धी धाकधूक कमी होते. अशी मुलं अचानक बदललेल्या गोष्टीनेच बिथरतात हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नवीन काही करायचं असेल तर आदल्या दिवशी सांगते.

बसलंच पाहिजे हा हट्ट पण सोडा. शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या खोलीभर चिकटवा आणि पळत जाऊन वाचू दे, उभा राहून वाचू दे, खडूने अंगणात लिहा. निवड द्या, पण छोटी, "आधी हे पान की हे?" वाचायचं की नाही हा प्रश्न विचारायचा नाही, काय आणि कुठे बसून वाचायचं एवढं त्याचं. आणि तो अजून खुश असतानाच थांबायचं. हे आईवडिलांना सगळ्यात जड जातं, "आज चांगला वाचतोय तर अजून एक पान घेऊया" असं वाटतंच, पण त्या एका पानाने उद्याचा दिवस जातो.

पुस्तक फेकलं, फाडलं, मला मारलं. त्या क्षणी काय करू?

त्या क्षणी शिकवायचं काहीच नाही. समजावणं, "मोठा झालास ना", "बघ ताई कशी वाचते", सॉरी म्हण, सगळं नंतर. आवाज खाली आणा, शब्द कमी करा, थोडं लांब व्हा पण निघून जाऊ नका, लागेल असं काही जवळ असेल तर बाजूला करा. बाकीची मुलं आजूबाजूला असतील तर त्यांना दुसरं काम द्या, कारण प्रेक्षक असले की राग उतरायला वेळ लागतो. शांत व्हायला कुणाला दोन मिनिटं लागतात कुणाला अर्धा तास.

शांत झाल्यावर एक छोटी गोष्ट करायची आणि ती टाळायची नाही. परत त्याच पुस्तकाकडे यायचं, पण अगदी छोट्या घासाला. "हा एक शब्द दोघं मिळून वाचू आणि आजचं झालं." शिक्षा म्हणून नाही, पुस्तक आणि आपण दोघंही अजून आहोत, काही तुटलं नाही, हे त्याला कळावं म्हणून. पान फाटलं असेल तर दोघांनी मिळून चिकटपट्टी लावायची.

आणि खरं काम गोंधळ नसताना करायचं असतं. फेकण्याऐवजी काय करायचं ते त्याला शिकवा. एका कार्डावर "थांबूया" लिहा, हाताचा पंजा काढा, आणि तो चांगल्या मूडमध्ये असताना सराव घ्या, कार्ड उचललं की लगेच, खरंच लगेच, एक मिनिट सुट्टी. सुरुवातीला तो दर शब्दाला कार्ड उचलेल आणि तुम्हाला वाटेल हा फायदा घेतोय. घेऊ दे. फेकून जे मिळत होतं ते मागून मिळतंय हे पटलं की मग हळूहळू "अजून दोन शब्द आणि मग थांबू" असं वाढवता येतं.

चुकलं की सांगायचं की नाही?

सांगायचं, पण "चूक", "नाही", "नीट बघ" हे शब्द न वापरता. तो "घर" ला "धर" म्हणाला तर दोन-तीन सेकंद थांबा, बरेचदा स्वतःच सुधारतो. नाही जमलं तर सरळ "हा घ, घर" म्हणा, त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या आणि ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचू द्या. "आठव ना, काल सांगितलं होतं" हे वाक्य घरातून काढूनच टाका. ज्या पानावर दहातले दोन-तीन शब्द अडतायत ते पान आत्ता त्याच्यासाठी नाही, सोपं घ्या.

चॉकलेट, स्टार, मोबाईल दिला तर वाचतो. द्यावं का?

सुरुवातीला छोटं काहीतरी चालतं, पण जे केलं ते शब्दात सांगणं जास्त टिकतं. "शाब्बास, हुशार" याने काही कळत नाही. "अडलास तरी पुस्तक बंद केलं नाहीस, परत बघितलंस" हे त्याला उद्या परत करता येतं. स्टार दिलेला काढून घेऊ नका, कधीच. आणि मोबाईल बक्षीस म्हणून ठेवलात की वाचन हे आपोआप मोबाईलच्या आधीचं कडू औषध होतं, म्हणून मी तो टाळायला सांगते. त्यापेक्षा "वाचलंस की बाबांबरोबर सायकलवर एक चक्कर" हे बघा चालतं का.

आमची मुलगी घरी घडाघडा वाचते, शाळेत तोंड उघडत नाही. बाई म्हणतात तिला येतच नाही.

घरचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करा, तिला सांगून, आणि बाईंना ऐकवा, वर्गात लावू नका. शाळेत तिने बोटाने शब्द दाखवला, चिठ्ठ्या जुळवल्या, चित्राखाली शब्द ठेवला तरी वाचन झालं असं धरायला सांगा. मग एका मैत्रिणीबरोबर एकत्र आवाजात, मग कुजबुजत, असं पुढे जातं. उभं करून सगळ्यांसमोर वाचायला लावणं पूर्ण बंद, आणि "बोल ना, बोल ना" पण बंद. शाळेत महिना-दोन महिने उलटूनही काहीच बोलत नसेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा, यावर चांगले उपाय आहेत आणि लवकर सुरू केले तर लवकर जमतं.

घरी आम्ही मराठी बोलत नाही / कामासाठी सहा महिने बाहेर असतो.

नंदुरबारला पावरी, भिल्ली बोलणारं मूल, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, तांड्यावर गोरमाटी, यांना पहिलीत एकदम पुस्तकी मराठी समोर येते. न कळणाऱ्या भाषेत दिवसभर बसवलं तर कोणतंही मूल एकतर गप्प होईल नाहीतर उठून पळेल, त्याला वर्तनसमस्या म्हणण्याआधी हे बघायला हवं. पहिली गोष्ट, पहिले शब्द त्याच्या भाषेत सांगा, देवनागरीत लिहा, मग मराठीचा शब्द बाजूला येऊ दे.

ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास गेलेली मुलं उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, वीटभट्टीचं पण तसंच. मधलं सगळं सुटलेलं असतं आणि परत आल्यावर त्यांना वर्गाच्या पानावर बसवतात. तसं करू नका, जिथे सुटलं तिथून घ्या. जाताना पिशवीत त्याचंच शिवलेलं पुस्तक आणि वीस-तीस शब्दचिठ्ठ्या द्या. आणि आल्यावर पहिले काही दिवस फक्त गोष्टी, गाणी, त्याने तिकडे काय बघितलं ते बोलणं. ते मूल जागा बदलून, झोप मोडून, कधी कधी बरंच काही बघून आलेलं असतं.

मला स्वतःला वाचता येत नाही, मी काय मदत करणार?

खूप. त्याला म्हणा, "मला वाचून दाखव, मला ऐकायचंय." तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही चूक काढणार नाही, आणि अशा मुलाला असा श्रोता मिळणं भाग्याचं आहे. तुम्हाला येणाऱ्या गोष्टी, ओव्या, कोडी, उखाणे सांगा, त्यातून शब्द वाढतात, आणि माहीत असलेला शब्द वाचणं नेहमीच सोपं जातं. आजीच्या कुशीत ऐकलेली गोष्ट हे वाचनाचं शिक्षणच आहे.

मी शिक्षक आहे. वर्गात एवढी मुलं, एकट्याकडे कसं बघू?

तुमची अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात तेव्हा त्या तीसचा अर्थ वेगळा होतो. जे आत्ता करता येईल ते सांगते.

सकाळी तो आत येताना अर्धा मिनिट त्याच्याशी बोला, "आज आपण हे वाचणार", आणि जाताना परत अर्धा मिनिट. एकेकट्याला उभं करून वाचून घेण्याऐवजी सगळ्यांनी एकदम, मग जोडीने, मग पाटीवर लिहून दाखवा, असे प्रतिसाद घ्या. मूल जितक्या वेळा काहीतरी करतं तितका गोंधळ कमी होतो, नुसतं बसून वाट बघण्यातच खोड्या सुचतात. जोडी लावताना शांत स्वभावाचं, त्याच्यापेक्षा थोडंच पुढे असलेलं मूल द्या, वर्गातलं सगळ्यात हुशार नको. आणि त्यालाही कुणाला तरी शिकवायची संधी द्या, पहिलीतल्या पोराला चिठ्ठ्या वाचून दाखवायला पाठवा, तिथे तो मोठा असतो.

लिहिणं आणि वाचणं थोडं वेगळं करा. बऱ्याच मुलांचा स्फोट वाचताना होत नाही, "दहा वेळा लिहून काढ" म्हटल्यावर होतो. शिक्षा म्हणून लेखन तर नकोच.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीचे शिक्षक, असतात, त्यांना केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवून बोलवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

डॉक्टरांकडे न्यावं का? आणि कुठे?

सगळ्यात आधी कान आणि डोळे. सर्दीने कानात पाणी साचलं तरी म आणि न मधला फरक धड ऐकू येत नाही, आणि फळा धूसर दिसत असेल तर मूल सांगत नाही कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. झोप, जंत, रक्त कमी असणं हेही बघून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येतात, ती पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिथे मोफत तपासणी असते. पत्ता जिल्हा रुग्णालयात विचारा.

वाचनदोष म्हणजे डिस्लेक्सिया असेल का यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाची चाचणी तयार केली आहे, ती मराठीतही आहे, म्हणून इंग्रजी चाचणीवरून मराठी माध्यमाच्या मुलाचा निकाल लावत असतील तर मराठीतली मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, तिचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या पुढे मिळतं. पण प्रमाणपत्राची वाट बघत शिकवणं थांबवायचं नसतं, मदत आजपासून.

अतिचंचलतेसाठी डॉक्टरांनी औषध दिलं तर ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा, मी एवढंच सांगेन की औषधाने लक्ष टिकायला मदत होऊ शकते, अक्षरं मात्र कुणीतरी शिकवावीच लागतात. तुम्हाला स्वतःला हे सगळं झेपेनासं झालं असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शाळा म्हणते याला दुसरीकडे न्या. एकदा मारलं पण.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं की आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी, शहरात असाल तर मनपाचा शिक्षण विभाग. भांडायला जाताना उपाय घेऊन जा, "वाचनाच्या तासाला याला बाहेर पाठवू नका, हे "थांबूया"चं कार्ड वापरा, मी आठवड्यातून एकदा येऊन बसते." बऱ्याच शिक्षकांना काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं, सांगितलं की करतात.

कोणती पुस्तकं घेऊ? ॲप चालेल का?

एका पानावर एक-दोन ओळी, मोठं अक्षर, ओळींत मोकळी जागा, आणि एकच वाक्य थोडं थोडं बदलत परत येणारं. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत, पातळ्या लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीपासून घ्या आणि जमलं तर प्रिंट काढा, नाहीतर मोबाईल दोघांनी मिळून धरा. राग, भीती, नवीन बाळ आल्यावरचा मत्सर असल्या विषयांच्या गोष्टी चांगल्या, पण वाचून झाल्यावर "बघ, तू पण असंच करतोस ना" म्हणू नका, त्याचं त्याला कळतं. एकटं ॲप देऊन बसवलं तर वाचन होत नाही, टॅप होतं.

प्रगती होतेय हे कळणार कसं? किती दिवस लागतात?

असर या मुलांचं वाचन तपासणाऱ्या पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात, तसंच साधं बघा. महिन्यातून एकदा, खेळीमेळीत, घड्याळ न लावता. निपुणमध्ये तिसरीला मिनिटाला साठ शब्द म्हटलंय पण या मुलासमोर स्टॉपवॉच धरलं की साठाचे सहा होतात. त्याच्याच जुन्या रेकॉर्डिंगशी तुलना करा, बहिणीशी नको.

वाचनाबरोबर दुसऱ्या नोंदीही ठेवा, किती वेळ बसला, अडल्यावर काय केलं, शांत व्हायला किती वेळ लागला, स्वतःहून पुस्तक उचललं का. आधी याच गोष्टी हलतात, शब्द मागून येतात. दोन-तीन महिने रोज थोडं थोडं केलं की बहुतेकांमध्ये काहीतरी फरक दिसतो. आजारपण, गणपतीची सुट्टी, घरात भांडण झालं की मागे जातं, तेव्हा एक पायरी खाली उतरून सोपं घ्या. आणि रोज करूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर वही घेऊन विशेष शिक्षकांकडे जा, तोंडी वर्णन करू नका, त्यांना नोंदी वाचायला द्या.